दगड बदलायचा दिवस

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही सौनातले दगड बदलतो.
तळ्यावरचा बर्फ नुकताच फुटलेला असतो,
काठाशी त्याचे तुकडे एकमेकांवर घासत किणकिणतात.

भट्टीतून एकेक दगड काढायचा,
हातोडीची हलकी टिचकी मारायची.
खणखणला तर धुऊन परत.
भद्द बोलला तर बादलीत.
इथे वशिला चालत नाही, असं ओइवा म्हणायचा.
ओइवा म्हणजे माझा बाप. आम्ही त्याला नावानेच हाक मारायचो.

दगड काळाच. काजळी धरलेला, कोपऱ्यावर उडालेला.
यात हिरवा रंग आहे म्हटलं तर कुणीही हसेल.
पण ताज्या तुटक्या कडेवर भिंग धरा, खिडकीकडे वळवा:
जुन्या बाटलीच्या तळाचा हिरवा,
किंचित पिवळट, कणाकणाने.
ऑलिविन.
पृथ्वीच्या पोटात म्हणे हाच खच्चून भरलाय,
शेकडो मैल,
आणि आपण वर, सालपटावर, बटाटे लावतो.

विस्तवातच जन्मला, म्हणून विस्तवाला भीत नाही.
त्याला मारतो तो गार पाण्याचा डाव,
एकदा नाही, दहादा नाही,
दर शनिवारी, वर्षानुवर्षं.

माझी बहीण राइली हेलसिंकीहून येते,
बोटातली अंगठी काढून खिशात टाकते, मग दगडांना हात लावते.
अंगठीतला खडा पेरिडॉट. सोनाराने मखमलीवर ठेवून दाखवलेला.
तोच हा, मी म्हणते,
आंघोळ करून समारंभाला निघालेला.
ती हसते, पण खिसा चाचपते.

ओइवा बावीस वर्षं ओतशाळेत होता.
साचे पांढऱ्या वाळूचे.
लोखंड ओतलं की वाळू तडकायची
आणि तिची धूळ इतकी बारीक
की उन्हाच्या तिरिपेतही नीट दिसू नये.
तेविसाव्या वर्षी नॉर्वेहून गोणी आल्या.
हिरवट वाळू, याच दगडाच्या कुळातली,
तापली तरी बेताने फुगणारी.
फोरमन टेनहुनेनने गोणीत कोपरापर्यंत हात घातला
आणि म्हणाला, "ही चावत नाही."
तोवर पांढरी ओइवाच्या छातीत राहायला आली होती,
भाडं न देता.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला.
"बर्फ पडतोय," ओइवा म्हणाला.
त्या काही बोलल्या नाहीत.

दगडांवरून उठणाऱ्या वाफेला आमच्याकडे लोइल्यू म्हणतात.
फार जुन्या काळी त्याच शब्दाचा अर्थ होता श्वास.
जीवसुद्धा.
हे मला शाळेत कळलं. ओइवाला सांगितलं तेव्हा
तो लाकडं फोडत होता, फोडतच राहिला.

याच खालच्या फळीवर तो जन्मला होता,
एका फेब्रुवारीत, बाहेर उणे तीस असताना.
शेवटची चार वर्षं त्याला आतली उष्णता सोसेना.
टॉवेल खांद्यावर घेऊन तो बाहेरच्या पायरीवर बसायचा,
आम्ही दार बोटभर उघडं ठेवायचो.
पाण्याचा डाव पडला, चर्र झालं, की विचारायचा,
"कशी आहे आज?"
"मऊ आहे," आम्ही सांगायचो.
कधी कधी ती मऊ नसायची. कान भाजायचे.

आज बादलीत एकोणीस दगड गेले.
हाताने दाबले तरी भुगा होतात.
तो भुगा आम्ही तळ्याकडच्या पायवाटेवर पसरतो,
पाय घसरत नाहीत.
पाऊस त्याला सावकाश विरघळवतो
आणि विरघळताना तो म्हणे हवेतला थोडा धूर गिळतो.
किती, ते मला माहीत नाही. चिमूटभर असेल.

नवे दगड रचले. मोठे खाली, मधे फटी सोडून,
आगीलाही श्वास लागतो.
पहिली वाफ कुणी घ्यायची नसते,
खाणीची धूळ असते तिच्यात, दार सताड उघडून जाऊ द्यायची.
राइलीने आतून डाव ओतला आणि बाहेर पळाली.
मी पायरीवर बसले होते. दुसरीकडे कुठे जागा नव्हती असं नाही.
वाफ माझ्या डोक्यावरून गेली,
ओल्या लोखंडाचा वास, मग तळं.

"कशी आहे?" राइलीने विचारलं.
"कच्ची," मी म्हटलं,
"अजून एक डाव टाक."